डावा गुडघा

"गोळा मानेला, कोपर वर, टाच फिरव, डावा पाय रोव आणि ढकल."

हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणते आहे की आता झोपेतही म्हणते. परवा आमचे हे म्हणाले, काल घोरता घोरता 'कोपर वर' म्हणालीस. मी म्हटलं, मग केलंत का वर? ते हसले. मला काही हसू आलं नाही. हल्ली मला कशाचंच चटकन हसू येत नाही.

मी सुलक्षणा. धुळ्यात आग्रा रोडपासून थोडी आत एक पोलीस भरतीची अकॅडमी आहे, तिथे मी पोरींचं ग्राउंड घेते. ग्राउंड म्हणजे धावणं आणि गोळाफेक. लेखी परीक्षेचं हितेंद्र सर बघतात, अकॅडमीही त्यांचीच. कॉलेजात होते तेव्हा मी विद्यापीठाकडून गोळा फेकायचे. मग डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, चाला, फिरा, घरातली कामं करा, पण या पायावर जोर द्यायचा नाही. आणि गोळाफेकीत सगळा जोर शेवटी त्याच पायावर येतो. मागच्या पायाने रेटा द्यायचा, पुढचा डावा पाय खांबासारखा उभा ठेवायचा, म्हणजे रेटा अंगातून वर चढून हातात येतो. डावा पाय सुटला की सगळा जोर जमिनीत जातो आणि गोळा पुढ्यात पडतो.

तरी मी शिकवते. सकाळी गुडघा माझं ऐकतो, संध्याकाळी मी त्याचं ऐकते, असं आम्हा दोघांचं ठरलेलं आहे. गोळा आम्ही संध्याकाळी घेतो. सकाळी अंधारात पोरी धावतात, मग त्यांचे क्लास, आणि ऊन उतरलं की गोळा. तोवर मी स्वयंपाक, बाजार, सासूबाईंचा दवाखाना सगळं उरकून आलेली असते. मग वाक्य म्हणायचं, दोनचारदा करून दाखवायचं, की एकेक पोरगी येते आणि फेकते.

यंदाच्या बॅचमध्ये सोनल होती. सोनल पावरा, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. धावण्यात तिला तोड नव्हती. शेवटच्या फेरीत बाकीच्या पोरींच्या तोंडाला फेस यायचा, ही थांबून त्यांच्या बाटल्या भरून ठेवायची. पण गेल्या भरतीत ती हुकली होती ती गोळ्यामुळेच. तिन्ही वेळा गोळा पायाशी पडला होता. तिचे वडील जामसिंग, आई दिवालीबाई आणि भाऊ विक्रम दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. यंदा तिला मागे ठेवून गेले. जाताना वडील तिला म्हणाले होते, या खेपेला लागलीस तर पोलीस, नाही लागलीस तर पुढच्या हंगामाला तूही कोयता धर. हे तिनेच मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात.

पण तिला शिकवायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. ती कधी काही विचारायचीच नाही. मी घसा फोडून सांगत असायचे आणि ती बघत असायची, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्याकडे अख्खीच्या अख्खी. सांगून झालं की म्हणायची, "हो मॅडम." आणि फेकायची. दंडात जोर असा की बघणाऱ्याला वाटावं, आता गोळा कुंपणापार जाणार. पण ऐन ढकलायच्या वेळी काहीतरी बिघडायचं, अंग लचकायचं आणि गोळा धप्पकन समोरच पडायचा.

मैदानाचे राखणदार वनाआबा तिथेच बाकड्यावर बसलेले असायचे. ते एकदा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, पोर ते जोरमा फेकस, मंग गोया जवयच काबर पडस?"

"माले काय माहीत, आबा," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं.

दुसरी होती चेलना. अमळनेरच्या भिकमचंद शेठजींची मुलगी, कापडाचं दुकान, घरात पिढ्यान्पिढ्या कुणी कापड मोजायच्या गजापेक्षा जड काही उचललेलं नाही. हिला व्हायचं होतं फौजदार. शेठजींनी आधी कपाळावर हात मारला आणि मग धुळ्याला तिच्या मामाकडे पाठवून दिली. तिचं सगळंच सोनलच्या उलट. टाच आधी का? कंबर टाचेबरोबर फिरते की टाचेनंतर? कोपर वर म्हणजे खांद्याच्या वर की खांद्याइतकं? मी एकदा चिडून म्हटलं, तू गोळा फेकणार आहेस की त्याचं लग्न ठरवणार आहेस?

गंमत अशी की ही चेलना संध्याकाळी मैदानावर नसायचीच. मामाकडे सूर्यास्ताआधी जेवायचा जैनांचा नेम. आम्ही गोळे बाहेर काढले की ती दुधाच्या भांड्याकडे बघणाऱ्या मांजरीसारखी घड्याळाकडे बघायला लागायची आणि पळायची. म्हणून सकाळी धावणं झालं की ती मला गाठायची. म्हणायची, "मॅडम, तुम्ही फक्त सांगा. दाखवू नका, बघितलं की माझा गोंधळ होतो." मी कट्ट्यावर बसून पाय चोळत सांगायचे. ती ओठातल्या ओठात तेच घोकायची, टाच, कंबर, छाती, कोपर, बोटं, आणि फेकायची. अंगात ताकद बेताची, पण फेक स्वच्छ. एकेक भाग जिथल्या तिथे. मला बरं वाटायचं. निदान एक तरी पोरगी ऐकते.

मधेच हितेंद्र सर नाशिकला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. तिथे कुणी तरी सांगितलं होतं म्हणे, प्रत्येकाची समजून घ्यायची तऱ्हा वेगळी असते, काहींना गोष्टीतला भाग सुटा दिसतो, काहींना सगळी गोष्ट एकदम दिसते, आणि खेळ शिकवताना ते बघायला पाहिजे. सर एक चित्र घेऊन आले होते. रेघांच्या गुंत्यातून काढलेलं एक घर, आणि त्यात लपलेला एक त्रिकोण. तो शोधायचा. चेलनाने बघितलं न बघितलं आणि बोट ठेवलं. सोनल बघतच राहिली. सरांनी विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, "घर आहे. दार उघडं आहे, पण चूल पेटलेली नाही. माणसं कामाला गेलीत."

सर हसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हिचं गोळ्याचं सोडून द्या. लक्षच लागत नाही हिचं. धावण्यावर भर द्या." नाशिकहून येता येता शिबिर बहुतेक गाडीतच राहिलं होतं. पण मीही काही बोलले नाही. मला घरी जायचं होतं.

त्या आठवड्यात मी सोनलवर फार ओरडले. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, जवळ आलं होतं. एका संध्याकाळी तिचा गोळा पुन्हा पायाशी पडला आणि माझा तोल गेला.

"मी बोलते ते ऐकतेस तरी का?"

"हो मॅडम."

"काय म्हणाले मी आत्ता? सांग."

बाकीच्या पोरी खाली बघायला लागल्या.

"सांग ना!"

"मॅडम, मी बघत होते."

"बघून काय होतंय? देवाने कान दिलेत ते कशाला? डावा पाय रोव म्हणते आहे मी, डावा पाय! किती वेळा सांगू?"

"हो मॅडम," ती म्हणाली. गोळा उचलून आणला, पुसला, जागेवर ठेवला. मला तिची दया आली आणि कंटाळाही आला. असं दोन्ही एकदम येतं, आणि मग माणूस नुसता बसून राहतो.

चौदस होती त्या दिवशी चेलना संध्याकाळीही थांबली. मी म्हटलं, आज जेवायला जायचं नाही? ती म्हणाली, "आज उपास आहे मॅडम. जेवणच नाही, मग पळायचं कशाला?" आणि वनाआबांच्या बाकड्यावर बसली. इतक्या महिन्यांत तिने मला संध्याकाळी गोळा फेकताना पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मी नेहमीसारखं करून दाखवलं. गुडघा सकाळपासूनच ठणकत होता. मग सोनल पुढे आली. तिने फेकला. धप्प.

चेलनाने मान तिरकी केली. "मॅडम, बोलू?"

"तू न बोलता राहिलीस कधी?"

"ढकलायच्या जरा आधी तुमचा डावा पाय सुटतो. तुम्ही तो उचलून बाजूला टेकवता. बारीकसा. सोनलपण तस्संच करते."

"काय?"

"अगदी तस्संच. आणि फेकून झालं की तुम्ही कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं करता ना, तेसुद्धा ती करते."

मी सोनलकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. तोंड अजून थोडं वाकडं होतं.

"तसंच असतं ना, मॅडम?" तिने विचारलं.

मी बाकड्यावर जाऊन बसले. पश्चात्ताप वगैरे मला काही झाला नाही, मला संताप आला. गुडघ्याचा, सरांच्या त्रिकोणाचा, माझ्या त्या वाक्याचा. इतके दिवस मी 'डावा पाय रोव' म्हणून ओरडत होते आणि डावा पाय कसा सोडायचा ते करून दाखवत होते. तोंड एक सांगत होतं, अंग दुसरं. चेलनाने तोंडाचं घेतलं, सोनलने अंगाचं. आणि जिने माझं काहीही खाली पडू दिलं नाही, माझं दुखणंसुद्धा, तिलाच मी लक्ष नाही म्हणून झापत होते. मला रडू आलं. पोरींसमोर रडू आलं याचा पुन्हा वेगळा राग आला.

वनाआबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मॅडम, बसा जरासा. तुमना पाय दुखी राह्यना शे."

दुसऱ्या दिवशी मी चेलनाला पुढे उभी केली. मामीला सांगून तिने जेवण आणखी आधी उरकलं होतं. मी सोनलला म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, हिच्याकडे बघ. सोनलने बघितलं. चेलना फेकताना घोकते, टाच, कंबर, छाती. सोनल फेकायला आली आणि तीही ओठ हलवायला लागली! शब्द तिला माहीत नव्हते, नुसतेच ओठ हलत होते. पाय आता सुटत नव्हता, पण अंग आखडलं होतं, चेलनाचं आखडतं तसं, एक भाग झाला की थांबून दुसरा. गोळा चेलनाइतकाच गेला. तेवढ्या मार्कांत सोनलचं भागणार नव्हतं. पोरी हसून हसून लोळल्या. सोनलही हसली, आणि मग माझ्याकडे वळली. "मॅडम," ती म्हणाली, "तुमचंच बघून येईल मला. तुम्ही पाय न सोडता करा ना एकदा."

तिला काय माहीत ती काय मागते आहे.

दोन दिवस मी ते टाळलं. ग्राउंडच्या आदल्या सकाळी मात्र लवकर गेले. घरीच गुडघ्याला पट्टा आवळून बांधला होता. यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पट्टाच लपवून ठेवला असता. थंडी होती. पोरी धावून आल्या, अंगातून वाफा निघत होत्या. वनाआबा चुन्याची रेषा नवी करत होते. त्यांनी माझा पट्टा बघितला.

"मॅडम, नका करू," ते म्हणाले. या वेळी शुद्ध मराठीत, म्हणजे ते खरंच घाबरले होते.

मी सोनलला बाजूला उभी केली. "आज मी बोलणार नाही," म्हटलं. तिने मान हलवली. आमच्यात एवढं बोलणं पुरेसं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

गोळा मानेला लावला. थंडगार होता. किती वर्षांनी मी तो खरा फेकायला हातात घेतला होता. तोंडात वाक्य आलं, मी ते गिळलं. मागच्या पायावर बसले, फिरले, आणि डावा पाय टाकला तो टाकला. रोवला. गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली, पण पाय हलला नाही, आणि मग तो जुना रेटा खालून वर आला, कमरेतून, छातीतून, आणि हात आपोआप मोकळा झाला. गोळा कुठे पडला ते मी बघितलंच नाही. तो गेला एवढं कळलं. त्या अर्ध्या क्षणात मी कॉलेजातली होते, आणि मला इतका आनंद झाला की बोलायची सोय नाही.

मग गुडघा मोडून पडला आणि मी डाव्या कुशीवर आडवी झाले. पडतानाही अंग मागे ओढलं. रेषा ओलांडली तर फाऊल, हे हाडात बसलेलं असतं. पंजा चुन्याच्या अलीकडे टेकला.

पोरींनी आरडाओरडा केला. रिक्षा आली. दवाखान्यात एक्सरे, सूज, इंजेक्शन, यांची बोलणी. सोनल दिवसभर बाकावर बसून होती. त्या दिवशी तिने गोळ्याला हातही लावला नाही. मी म्हटलं, जा, दोनचारदा फेकून बघ. ती म्हणाली, "नको मॅडम. बघितलंय मी."

ग्राउंडच्या दिवशी मी कुणाचं ऐकलं नाही. पाय आडवा ठेवून रिक्षाने गेले. मैदानात आम्हाला सोडत नाहीत, बाहेरच थांबावं लागतं. रस्त्यावर आईबाप, पिशव्या, चपलांचे ढीग, केळीवाले. वनाआबांनी स्टूल आणून दिलं होतं. चेलना माझ्याबरोबर होती, तिची परीक्षा निराळी, नंतरची. आतलं काही दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू यायची, कधी भोंग्यावरून नंबर. सोनलचं धावणं झालं असणार. आता गोळा.

चेलना मनातल्या मनात काहीतरी सुटं करत होती. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही पडलात तेव्हा ती बघत होती?"

"होती ना. समोरच तर होती."

"नाही, म्हणजे... ती सगळंच घेते ना."

मी तिला एकच फेक दाखवली होती, आणि ती पडण्यात संपली होती. पडणं त्यातलं नाही, ते वगळायचं, असं मी तिला सांगितलंच नव्हतं. मी बोलणारच नाही म्हणाले होते. आयुष्यभर बडबड केली आणि जिथे एक वाक्य लागत होतं तिथे तोंड मिटलं. फेकून ती पुढे पडली, हात रेषेपलीकडे टेकला, तर फेक कितीही लांब जावो, बाद. आत जाऊन सांगावं तर फाटकात शिपाई, आणि मला तर उठताही येत नव्हतं. चेलनाने कुंपणाच्या दोन्ही टोकांना जाऊन हाका मारून बघितल्या. आवाज आत पोचण्यासारखा नव्हताच.

ऊन वर आलं. पोरी बाहेर यायला लागल्या, काही हसत, काही आईच्या खांद्यावर. मग सोनल आली. सावकाश चालत. डाव्या बाजूला खांद्यापासून पावलापर्यंत माती होती, आणि डावा तळहात खरचटलेला.

मला विचारवेना. चेलनाने विचारलं, "पडलीस?"

"हो. आधीच्या दोन फेकींना पाय सुटला. जुनं आठवलं. तिसऱ्याला मॅडमचं कालचं आठवलं. पाय रोवला, फेकला, पडले."

"मग? फाऊल?"

सोनलने तिच्याकडे नवलाने बघितलं. "फाऊल कसं? मॅडम रेषेच्या आत पडल्या होत्या."

चेलना तिथेच रस्त्यावर मटकन बसली आणि हसायला लागली. मी सोनलचा खरचटलेला हात हातात घेतला. माती पुसायला लागले, पण नीट पुसता येईना. किती मार्क, हे शेवटी चेलनानेच विचारलं. "पूर्ण," सोनल म्हणाली.

मग तिने फोन मागितला. आई गुजरातेत उसाच्या फडात होती, बराच वेळ उचलेना. उचलला तेव्हा सोनल पावरी भाषेत बोलायला लागली, मला त्यातलं काही कळत नव्हतं. दोनच वाक्यं बोलली आणि थांबली. मग फोन उजव्या कानाशी मान वाकडी करून धरला, मागच्या पायावर बसली, फिरली, आणि मोकळा हात हवेत ढकलला. पलीकडे आईला काय दिसणार होतं? पण ती करून दाखवत होती. मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. तो हलला नाही.